खेळाच्या बागेत शिक्षण किती?

'हसतखेळत शिक्षण' हे शब्द आज शाळेच्या माहितीपत्रकापासून जलक्रीडा उद्यानाच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे आढळतात. शाळांच्या सहली निघायचे दिवस आले की अशा उद्यानांची रंगीत पत्रके शिक्षकांच्या टेबलावर येऊन पडतात. त्यांत झोपाळे, घसरगुंड्या आणि पाण्याचे खेळ यांच्या चित्रांखाली 'मनोरंजनातून ज्ञान' असे एखादे वाक्य असतेच. हे वाक्य खरे की खोटे, हे ठरवायचे कसे? विज्ञानात एखादे विधान तपासता येत नसेल तर आपण ते बाजूला ठेवतो. मग शैक्षणिक विधानांना वेगळा न्याय का लावावा?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक नामांकित उदाहरण घेऊ या. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फिया शहराच्या ईशान्येला लँगहॉर्न नावाचे गाव आहे. तेथे ३० जुलै १९८० रोजी 'सेसमी प्लेस' नावाचे मुलांचे उद्यान सुरू झाले. 'सेसमी स्ट्रीट' या दूरचित्रवाणी मालिकेवर ते आधारलेले आहे. ही मालिका आपल्याला अगदीच अपरिचित नाही. तिचा भारतीय अवतार 'गली गली सिम सिम' २००६ साली हिंदीत सुरू झाला आणि त्यातली चमकी पुष्कळ मुलांच्या ओळखीची झाली. मूळ मालिका तिच्या संशोधनासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या नावाने निघालेल्या उद्यानात त्या संशोधनाचे काय झाले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

मुलांना विचारून बनवलेली मालिका

'सेसमी स्ट्रीट'चा पहिला भाग १० नोव्हेंबर १९६९ रोजी प्रक्षेपित झाला. जोन गँझ कूनी आणि लॉईड मॉरिसेट यांनी त्याआधी एक वर्ष 'चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप' ही संस्था स्थापन केली होती. गरीब वस्तीतील मुले पहिलीत येतात तेव्हाच अक्षरओळख आणि अंकओळख यांत मागे असतात. दूरचित्रवाणी संच मात्र त्यांच्याही घरात असतो. तेव्हा त्या संचातूनच शाळापूर्व शिक्षण द्यावे, असा हा विचार होता.

कल्पना चांगली असली म्हणून ती यशस्वी होतेच असे नाही. संस्थेने हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड लेसर यांना सल्लागार म्हणून घेतले आणि एडवर्ड पामर यांच्याकडे संशोधन विभाग सोपवला. पामर यांची पद्धत आपल्या शाळेतही करता येईल इतकी सोपी होती. मुलाला मालिकेचा भाग दाखवायचा आणि शेजारच्या पडद्यावर दर सात-आठ सेकंदांनी बदलणारी रंगीत चित्रे ठेवायची. मूल कोणत्या क्षणी मालिकेकडे पाहते आणि कोणत्या क्षणी त्याची नजर शेजारी वळते, याची नोंद निरीक्षक करीत असे. या नोंदींवरून संपूर्ण भागाचा आलेख काढता येई. आलेख जिथे खाली उतरला, तिथे काहीतरी चुकले आहे.

१९६९ च्या जुलैमध्ये तयार केलेले चाचणी-भाग फिलाडेल्फियातील मुलांना दाखवण्यात आले. कळसूत्री पात्रे असलेल्या प्रसंगांत मुले रंगून गेली. रस्त्यावरच्या प्रसंगांत, म्हणजे जिथे फक्त खरी माणसे बोलत होती तिथे, त्यांचे लक्ष उडाले. तज्ज्ञांचे मत असे होते की खरी माणसे आणि काल्पनिक प्राणी एकत्र दाखवले तर लहान मुलांचा गोंधळ होईल, म्हणून दोन्ही वेगळे ठेवावेत. मुलांच्या नजरेने तज्ज्ञांचा हा सल्ला खोटा ठरवला. मग 'बिग बर्ड' हा उंच पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा चिडखोर ऑस्कर थेट रस्त्यावर माणसांमध्ये आले. याच चाचणीत हेरकथेच्या धर्तीवरचे एक सदर मुलांना रुचले नाही असे दिसले. त्यावर कष्ट आणि पैसा खर्च झाला होता, तरी ते काढून टाकण्यात आले.

वैज्ञानिक वृत्ती म्हणतात ती हीच. आपल्याला प्रिय असलेली गोष्ट चाचणीत नापास झाली, तर ती सोडून द्यायची तयारी हवी.

लक्ष दिले म्हणजे शिकले का?

अर्थात, लक्ष देणे म्हणजे शिकणे नव्हे, हे कोणताही शिक्षक सांगेल. म्हणून शिकण्याचे मोजमाप वेगळे करावे लागले. सॅम्युएल बॉल आणि गेरी अ‍ॅन बोगाट्झ यांनी १९७० आणि १९७१ साली त्याचे अहवाल दिले. जी मुले मालिका जास्त पाहत, त्यांची अक्षरे, अंक आणि आकार यांची ओळख अधिक सुधारली, असे त्यांना आढळले. त्यावर थॉमस कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये आक्षेप घेतला. अभ्यासातील काही कुटुंबांना मालिका पाहण्यासाठी मुद्दाम प्रोत्साहन दिले होते; मग परिणाम मालिकेचा की त्या प्रोत्साहनाचा? शिवाय सुखवस्तू घरांतील मुलेही मालिका पाहतात. मग दरी बुजेल की रुंदावेल? आक्षेप रास्त होते.

पुढे अनेक वर्षांनी मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन या अर्थशास्त्रज्ञांनी याच प्रश्नासाठी एक नामी युक्ती वापरली. त्यांचे काम २०१५ मध्ये प्रथम पुढे आले आणि २०१९ मध्ये शोधपत्रिकेत छापले गेले. त्या युक्तीत भौतिकशास्त्र आहे. १९६९ साली अमेरिकेत काही शहरांत ही मालिका व्हीएचएफ लहरींवर दिसत असे, तर काही शहरांत यूएचएफ लहरींवर. न्यूयॉर्कमध्ये ती १३ क्रमांकाच्या वाहिनीवर, म्हणजे व्हीएचएफवर होती. लॉस एंजेलिसमध्ये २८ क्रमांकाच्या, म्हणजे यूएचएफ वाहिनीवर होती. यूएचएफची कंप्रता अधिक आणि तरंगलांबी कमी. अशा लहरी टेकड्या आणि इमारती यांना वळसा घालून कमी जातात. शिवाय त्या वेळच्या अनेक संचांवर त्या नीट पकडताही येत नसत. परिणामी सुमारे दोन तृतीयांश लोकांनाच मालिका दिसण्याची सोय होती. आपल्या गावात कोणती वाहिनी आहे हे काही मुलांच्या आईवडिलांनी ठरवलेले नव्हते. म्हणजे निसर्गानेच तुलनेचे दोन गट पाडून दिले.

या तुलनेत असे दिसले की जिथे प्रक्षेपण चांगले पोहोचत होते, तेथील मुले पुढे वयाला योग्य त्या इयत्तेत असण्याची शक्यता अधिक होती. मागास वस्त्यांमध्ये हा परिणाम ठळक होता. प्रौढपणीच्या शिक्षणावर आणि मिळकतीवर मात्र स्पष्ट परिणाम दाखवता आला नाही. असे नेमके, मर्यादा सांगणारे उत्तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक विश्वसनीय वाटते.

पडद्यावरून बागेत

आता उद्यानाकडे वळू. दूरचित्रवाणीची एक उणीव तिच्या निर्मात्यांनाही ठाऊक होती. मूल बसून पाहते; त्याचे हातपाय रिकामे राहतात. ती उणीव बागेत भरून काढता येईल, अशी कल्पना होती. संस्थेने त्यासाठी अनह्यूझर-बुश या बीअर बनवणाऱ्या बड्या उद्योगाच्या करमणूक-विभागाशी भागीदारी केली. उद्यानाच्या रचनेत एरिक मॅकमिलन यांचा मोठा वाटा होता. टोरांटो येथील 'ऑन्टारिओ प्लेस'मधील मुलांच्या खेळगावामुळे ते आधीच प्रसिद्ध झाले होते. बसून फिरवणाऱ्या यंत्रांऐवजी मुलाने स्वतः चढावे, रांगावे, उड्या माराव्यात, अशी साधने ते बनवीत.

तीन ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या या उद्यानात सुरुवातीला मोठे पाळणे नव्हते. दोरीच्या जाळ्या होत्या, प्लॅस्टिकच्या चेंडूंनी भरलेला हौद होता, हाताळून पाहण्याची विज्ञानाची उपकरणे होती आणि ॲपल कंपनीचे डझनावारी संगणक होते. १९८० साली बहुतेक अमेरिकन मुलांनीही संगणकाला हात लावलेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या कल्पनेचे धाडस कळते.

हा बेत टिकला नाही. १९८२ मध्ये टेक्सास राज्यात आयर्व्हिंग येथे काढलेले दुसरे उद्यान दोन वर्षांत, १९८४ साली बंद पडले. मूळच्या उद्यानात हळूहळू पाण्याचे खेळ वाढत गेले आणि विज्ञानाचे दालन व संगणक मागे पडून नाहीसे झाले. १९९८ मध्ये रुळांवरून भरधाव जाणारी गाडी आली, २०१८ मध्ये आणखी एक आली. २००९ मध्ये बुश उद्योगाचा हा सगळा विभाग विकला गेला आणि उद्यान सीवर्ल्ड कंपनीकडे आले. आज तेथे जाणाऱ्याला पाण्याच्या घसरगुंड्या, पाळणे, मिरवणूक आणि मालिकेतील पात्रांची गळाभेट या गोष्टी प्रामुख्याने मिळतात. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झालेले नवे उद्यानही याच वळणाचे आहे.

असे का झाले असावे? संगणकाचे कारण सोपे आहे. जी वस्तू पुढे घरात आणि शाळेत आली, ती पाहायला तिकीट काढून कोण जाईल? दुसरे कारण अधिक खोल आहे. घसरगुंडीचा आनंद पहिल्या सेकंदाला मिळतो. विज्ञानाच्या उपकरणाला वेळ द्यावा लागतो, कोणीतरी शेजारी बसून विचारावे लागते. मालिकेच्या निर्मात्यांनी आलेख खाली उतरला की प्रसंग पुन्हा लिहिला. बागेत आलेखाची जागा तिकिटांच्या हिशेबाने घेतली. तो हिशेब मूल आले की नाही एवढेच सांगतो. आल्यावर त्याने काय केले, काय विचारले, काय घेऊन गेले, हे त्यात दिसत नाही. जे मोजले जाते त्याची काळजी घेतली जाते, आणि जे मोजले जात नाही ते हळूहळू गळून पडते. सेसमी प्लेसमध्ये नेमके हेच घडले, असे माझे मत आहे.

मोजणारा काउंट

मालिकेत 'काउंट' नावाचे एक पात्र आहे. दिसायला तो जुन्या भयकथेतील सरदारासारखा, पण त्याला एकच वेड: समोर येईल ते मोजणे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सरदार आणि मोजणे असा दुहेरी आहे. १९८० च्या उद्यानातील चेंडूंचा हौद याच काउंटच्या नावाने होता. मूल त्यात झोकून देते, बुडते, तरंगते, खदखदून हसते. त्यात गैर काहीच नाही. पण मोजणाऱ्याच्या नावाचा हा हौद मुलाला मोजायला सांगत नाही.

येथे किती सुंदर प्रश्न दडलेले आहेत पहा. आठ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू सुमारे २६८ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. चेंडू कसेही ओतले तर एकूण जागेच्या सुमारे साठ टक्के चेंडू आणि चाळीस टक्के मोकळी हवा असते. म्हणजे एक घनमीटर हौदात साधारण २२०० चेंडू मावतील. हे पडताळून पाहायला अमेरिकेत जायला नको. एका डब्यात काठोकाठ गोट्या भरा आणि मोजपात्राने पाणी ओतून फटी भरा. किती पाणी मावले ते लिहा. डबा लहान असेल तर कडेच्या फटींमुळे आकडा थोडा वाढेल. तो का वाढला, हा पुढचा प्रश्न.

२०१० मध्ये याच पात्राच्या नावाने तेथे पाण्याचा किल्ला उभा राहिला. त्याच्या माथ्यावर सुमारे हजार गॅलनची, म्हणजे जवळजवळ ३८०० लिटरची बादली आहे. ती भरत जाते आणि एकाएकी कलंडून खालच्या मुलांना चिंब करते. ती कोणी ढकलत नाही. मग ती कशी कलंडते? अशी बादली एका आडव्या आसावर टांगलेली असते. रिकामी असताना तिचा गुरुत्वमध्य आसाच्या खाली असतो, म्हणून ती सरळ राहते. पाणी चढते तसा बादली आणि पाणी यांचा मिळून गुरुत्वमध्य वर सरकतो. तो आसाच्या वर गेला की समतोल अस्थिर होतो आणि बादली उलटते. पाणी सांडले की गुरुत्वमध्य पुन्हा खाली येतो आणि बादली आपोआप सरळ होते. कलणाऱ्या भांड्याचा हाच उपयोग हवामान केंद्रातील स्वयंचलित पर्जन्यमापकात होतो. त्यात छोटे भांडे किती वेळा कलले ते मोजतात आणि त्यावरून पाऊस किती पडला ते काढतात. पाण्याची धार एकसारखी असेल तर दोन कलण्यांमधला वेळही सारखाच येतो. म्हणजे ही बादली आपल्या घटिकापात्राची दूरची बहीणच झाली.

बादलीखाली उभी असलेली मुले वर पाहून वाट पाहत असतात. त्या क्षणी त्यांच्या मनात "आता पडेल का?" हाच प्रश्न असतो. म्हणजे भाकीत करण्याची इच्छा जागी झालेली असते. तिथे एक मोठे घड्याळ आणि मागच्या पाच कलण्यांच्या वेळा लिहिलेला फळा ठेवला, तर करमणूक रतिभरही कमी होणार नाही; काउंटच्या नावाला मात्र न्याय मिळेल.

जिथे पुन्हा मुलाला विचारले

टीका करताना जे चांगले आहे त्याची नोंद घ्यायला हवी. मालिकेत २०१७ मध्ये ज्युलिया नावाची स्वमग्न मुलगी आली. पुढच्याच वर्षी सेसमी प्लेसने कर्मचाऱ्यांना स्वमग्न मुलांशी वागण्याचे प्रशिक्षण दिले आणि तसे प्रमाणपत्र मिळवणारे ते जगातील पहिले थीम पार्क ठरले. प्रत्येक खेळात स्पर्श, चव, आवाज, वास आणि दृश्य यांचा मारा किती होतो, याचे एक ते दहा असे अंक तेथे दिलेले असतात. मोठा आवाज सहन न होणाऱ्या मुलाचे आईवडील ते अंक पाहून खेळ निवडू शकतात.

मला हा उद्यानातील सर्वांत शैक्षणिक भाग वाटतो, जरी त्यात अक्षर किंवा अंक शिकवलेला नाही. 'या खेळात मुलाला काय जाणवते?' असा प्रश्न कोणीतरी विचारला आणि त्याचे उत्तर अंकात मांडले. पामर यांच्या पद्धतीचा वारसा येथे दिसतो.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. मालिका गरीब मुलासाठी निघाली आणि ज्याच्या घरी संच आहे त्याला ती फुकट दिसली. उद्यान एका उपनगरी बाजारसंकुलाशेजारी आहे आणि तेथे जायला वाहन व तिकीट दोन्ही लागते. ज्या मुलांसाठी हे सारे सुरू झाले, तीच बहुधा कुंपणाबाहेर राहणार.

आपल्या सहलीसाठी

याच सुमारास आपल्याकडे एक वेगळा प्रयोग झाला. १९७९ या आंतरराष्ट्रीय बालक वर्षात मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात विज्ञान उद्यान उभे राहिले. केंद्राची मुख्य इमारत त्यानंतर, १९८५ साली खुली झाली. तरफ, कप्पी, लंबक यांसारख्या गोष्टी उघड्यावर, खेळण्याच्या रूपात मांडण्याची ही कल्पना होती. त्यात कोणतेही लोकप्रिय पात्र नव्हते. म्हणून ते आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. लंबकाला नुसताच झोका देऊन पुढे पळणारी मुले तेथेही असतात. तेव्हा जो प्रश्न आपण सेसमी प्लेसला विचारला तोच तेथेही विचारायला हवा.

तो प्रश्न विचारण्याची एक सोपी रीत शिक्षकांच्या हातात आहे. समजा, सातवीच्या अ आणि ब अशा दोन तुकड्या आहेत. अ तुकडीची सहल डिसेंबरात आणि ब तुकडीची जानेवारीत ठेवा. सहलीच्या एक आठवडा आधी दोन्ही तुकड्यांना तेच पाच प्रश्न द्या. उदाहरणार्थ, झोक्यावर जड मूल बसले तर झोका हळू हलेल का? अ तुकडी सहलीहून आल्यावर आठवड्याने दोन्ही तुकड्यांना तेच प्रश्न पुन्हा द्या. ब तुकडी अजून गेलेली नाही, त्यामुळे तुलनेचा गट आपोआप मिळाला आणि एकाही मुलाची सहल बुडाली नाही. शिवाय मुलांनी स्वतःहून विचारलेले प्रश्न एका वहीत लिहून ठेवा. पाच प्रश्नांच्या उत्तरांत फरक पडला नाही, पण वहीची चार पाने भरली, असेही होऊ शकेल. तोही निष्कर्षच आहे.

दोन्हीकडे काहीच हलले नाही, तर पुढच्या वर्षी सहलीला 'सहल' म्हणा आणि मुलांना मनसोक्त खेळू द्या. खेळाला शिक्षणाचे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र शैक्षणिक म्हणून पालकांकडून पैसे घ्यायचे असतील, तर ही वही त्यांना दाखवण्याची तयारी हवी.